तयारी रात्रीची, निवड सकाळची

गेल्या महिन्यात आमच्या खानदानातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मामेबहिणीनं एक व्हिडिओ टाकला. त्यात एक बाई रविवारी दुपारी कपाट उघडते, सोमवार ते शनिवार असे सहा हँगर ओळीनं लावते, प्रत्येकावर कुर्ता, सलवार, ओढणी, खाली त्याला शोभेलशी चप्पल, आणि सांगते की आता आठवडाभर तुमचं डोकं मोकळं. झालं, ग्रुपमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, अगदी बरोबर आहे, सकाळी कपाटासमोर उभं राहण्यात निम्मा वेळ जातो आणि मग लोकल चुकते. दुसऱ्या तटाचं म्हणणं, कपडेसुद्धा आधीच ठरवायचे तर मग जगण्यात राहिलं काय, सकाळी उठावं आणि मनात येईल ते घालावं. दोन दिवस हा वाद चालला. शेवटी कुणीतरी मला म्हणालं, "आपा, तू लिहितेस ना, मग सांग की कोण बरोबर."

मी तिथं उत्तर दिलं नाही. उत्तर लांबलचक होतं आणि ग्रुपवर आमची सासरची मंडळीही आहेत. इथं देते.

माझं म्हणणं असं की दोन्ही तट दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. कपड्यांची तयारी ही एक गोष्ट आणि कपड्यांची निवड ही दुसरी. तयारी म्हणजे धुणं, वाळवणं, इस्त्री, तुटलेलं बटण, उसवलेली शिवण. निवड म्हणजे उद्या मी कोण म्हणून बाहेर पडणार याचं उत्तर. पहिली गोष्ट रात्रीच झाली पाहिजे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. दुसरी गोष्ट सकाळपर्यंत मोकळी राहिली पाहिजे, यावर तर त्याहून जास्त.

आधी तयारीचं बोलू, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आम्ही मुंब्र्यात राहतो. आमच्या इमारतीत पाणी रात्री दहाच्या सुमाराला येतं, तासभर टिकतं. त्या तासात पिंप भरायचं, बादल्या भरायच्या आणि धुणं काढायचं. पावसाळ्यात ते धुणं गॅलरीत सुकत नाही, आत पंख्याखाली दोरी बांधावी लागते. शर्ट सुकला तरी कॉलर ओलीच राहते. सकाळी दिवे असतील याची खात्री नसते, म्हणून इस्त्री रात्रीच फिरवायची. मी दादरच्या एका ऑफिसात हिशेब लिहिते. सात वीसची गाडी गेली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. अशा घरात "सकाळी मनात येईल ते" म्हणायला मन लागतं हे खरं, पण त्याआधी सुकलेला कपडा लागतो.

आता हे वाक्य आमच्या घरात सर्वांत जास्त कोण म्हणत होतं? मुलांचे अब्बा. "मी काही ठरवत बसत नाही, सकाळी जे हाताला येईल ते घालतो." वीस वर्षं मी हे ऐकलं, आणि हा माणूस किती साधा, किती बेफिकीर, असं मलाही वाटत आलं. एकदा मी आठ दिवस माहेरी गेले आणि परत आले तेव्हा हे गृहस्थ लग्नातला कोट घालून दुकानावर जायला निघाले होते, कारण हाताला दुसरं काही आलंच नव्हतं. जे हाताला येतं ते कुणीतरी हाताशी आणून ठेवलेलं असतं. सकाळच्या उत्स्फूर्तपणाची जी काही शान मिरवली जाते, तिच्या मागे आदल्या रात्री अकरा वाजता इस्त्री घेऊन उभी असलेली एक बाई असते. ती आई असेल, बायको असेल, सून असेल, नाहीतर महिन्याच्या पगारावरची मोलकरीण असेल. सकाळवाल्या तटातल्या माझ्या पुरुष नातेवाइकांना आणि काही भाच्यांनाही माझा एवढाच प्रश्न आहे: तुमचा "मूड" कोण धुतं?

रात्रवाल्या तटाकडे वळते. त्यांचे दाखले मोठे असतात. ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना फक्त करड्या नाहीतर निळ्या रंगाचे सूट घालायचे आणि याचं कारण त्यांनी २०१२ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं, की रोजचे बारीकसारीक निर्णय कमी करायचे आहेत. स्टीव्ह जॉब्सनी जपानी डिझायनर इस्सी मियाके यांच्याकडून एकाच जातीचे काळे बंद गळ्याचे टीशर्ट ढिगानं करून घेतले होते. झुकेरबर्गचा राखाडी टीशर्ट तर सगळ्यांना पाठ आहे. आणि बायकांसाठी "कॅप्सूल वॉर्डरोब" नावाचा प्रकार आहे. १९७०च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ या दुकानमालकीणबाईंनी तो पुढे आणला, १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरननं सात कपड्यांचा संच बाजारात आणून तो गाजवला. थोडकेच कपडे, एकमेकांना जुळणारे.

मला हसू येतं ते याचं, की माझ्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात नवीन काय? दापोलीकडच्या आमच्या गावात तिच्या पत्र्याच्या पेटीत तीन साड्या होत्या. एक अंगावर, एक वाळत, एक कुणाकडे जायची. ईदची नवी साडी आली की जायची साडी घरात नेसायला निघायची आणि घरातल्या साडीची गोधडी व्हायची. तिला कुणी मिनिमलिस्ट म्हटलं नाही. गरीब म्हटलं.

शिवाय एक फरक हे दाखले देणारे विसरतात. रोज तोच टीशर्ट घालणारा अब्जाधीश हुशार ठरतो. मी ऑफिसात सलग तीन दिवस तोच कुर्ता घातला तर चौथ्या दिवशी बाजूच्या टेबलावरून आवाज येतो, "मॅडम, सगळं ठीक आहे ना घरी?" एकसारखे कपडे घालून माफी मिळवणं ही ज्यांची ऐपत आधीच सिद्ध झालेली आहे त्यांचीच चैन आहे.

आणि "निर्णयांनी डोकं थकतं" हे जे शास्त्र म्हणून सांगितलं जातं, तेही वाटतं तितकं पक्कं नाही. इच्छाशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, ही रॉय बॉमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या नावानं प्रसिद्ध झालेली कल्पना. २०११ मध्ये इस्राएलच्या पॅरोल मंडळांवरचा एक अभ्यास आला, न्यायाधीश खाण्याच्या सुट्टीनंतर कैद्यांना जास्त सोडतात आणि नंतर नंतर कमी, आणि तो जगभर गाजला. पण प्रकरणं कोणत्या क्रमानं पुढे येत होती त्याचाच हा परिणाम असू शकतो, असा आक्षेप लगेच घेतला गेला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त माणसांवर टाकी रिकामी होण्याचा तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा, हिरवी ओढणी की निळी एवढं सकाळी ठरवल्यानं माझी अक्कल दुपारपर्यंत संपेल, ही भीती मला कुणी घालू नये.

इथपर्यंतचं भांडण घरातलं आहे, कुठल्याही घरातलं. आता आपल्या घरातलं सांगते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. सुमारे नऊशे माणसं त्या दंगलींत मेली. आम्ही तेव्हा शहरातल्या एका चाळीत राहत होतो. वर्षभरात अब्बांनी ती खोली विकली आणि आमच्यासारखी असंख्य कुटुंबं जिथं आली त्या मुंब्र्याला आम्ही आलो. अब्बा शिवणकामाच्या कारखान्यात कटर होते. त्याआधी टोपी कायम त्यांच्या डोक्यावर असायची. त्यानंतर ती खिशात गेली. रात्री जेवण झालं की ते उद्या कुठं माल पोचवायचा आहे ते बघायचे आणि त्याप्रमाणे खुंटीवर कपडे काढून ठेवायचे. मोहम्मद अली रोडला जायचं असेल तर कुर्ता-पायजमा. दुसरीकडे कुठं जायचं असेल तर पँट-शर्ट. टोपी दोन्ही दिवशी सोबत असायची, एका दिवशी डोक्यावर, एका दिवशी रुमालाच्या घडीत. फार शिस्तीचे होते अब्बा. आदल्या रात्री कपडे ठरवण्यात त्यांचा हात धरणारा मी कुणी पाहिला नाही. त्यांच्या डोक्याला त्यानं आराम मिळाला असेल असं मात्र मला वाटत नाही.

ही सवय संपलेली नाही. भाड्यानं जागा बघायला जाताना कुठली ओढणी, मुलाखतीला जाताना दाढी किती, रात्रीच्या एस्टीनं प्रवास असेल तर बुरखा पिशवीत की अंगावर, हे हिशेब आपल्या घराघरांत रात्रीच होतात. बिगरमुस्लिम वाचकांना मी तक्रार म्हणून हे सांगत नाही. एवढंच सांगते की "आदल्या रात्री कपडे ठरवा" हा सल्ला तुमच्याकडे वेळ वाचवण्यासाठी येत असेल, पण आमच्याकडे तो बराच काळ जीव सांभाळण्यासाठी राबवला गेला आहे. दोन्हींना नियोजन म्हणता येतं, पण दोन्ही एक नव्हेत.

आणि आता माझ्या मुलीचं. ते लिहावं की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिही.

ती अठरा वर्षांची आहे, वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला. ती कधी डोक्यावर स्कार्फ बांधते, कधी नाही. शुक्रवारी बहुधा बांधते, परीक्षेच्या दिवसांत हमखास. मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाताना नाही. एवढ्याशा गोष्टीनं किती माणसांची झोप उडावी! कॉलेजच्या गेटवर एका बाईंनी तिला थांबवून विचारलं, "काल तर नव्हतं, आज कसं? तुमचं काय ते एकदा नक्की करा." घरी तिची फुप्पी आली, तीही तेच म्हणाली, "बेटा, एकदाच काय ते ठरव. बांधायचं तर रोज बांध, नाहीतर लोक हसतात." वर्गातल्या एका पुरोगामी मैत्रिणीचाही सल्ला तोच, फक्त उलट्या बाजूनं: एकदाच काढून टाक ना, म्हणजे सुटशील.

तिघींनाही उत्तर आधीच हवं होतं. एकदाच, कायमचं, आणि त्यांच्या सोयीचं.

मी त्या तिघींवर रागावले आणि मग माझ्या लक्षात आलं की चौथी मी होते. तिचे कपडे मीच रात्री इस्त्री करून खुर्चीवर ठेवत होते. सोमवारी स्कार्फ ठेवला तर ती बांधायची, नाही ठेवला तर नाही. मला वाटत होतं मी तिला मदत करते. प्रत्यक्षात मी निर्णय घेत होते, तोही माझ्या धास्तीप्रमाणे: तिच्या कॉलेजात काही कार्यक्रम असला की नको, नणंद यायची असली की हवा. अब्बांची खुंटी माझ्या खुर्चीवर आली होती. एका रात्री ती सरळ म्हणाली, "अम्मी, तू इस्त्री कर किंवा नको करूस. पण काय घालायचं ते मी सकाळी ठरवते."

या मुलीच्या एका वाक्यात, माझ्या मते, सगळा वाद संपतो. जो कपडा तयार करतो तोच नकळत तो निवडूही लागतो. म्हणून ज्याची निवड त्याचीच तयारी.

हा प्रश्न काही आमच्या घरापुरता नाही. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारनं गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले आणि प्रश्न लटकत राहिला. २०२४ मध्ये आपल्या चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. मुलींची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. तिकडे इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी डोक्यावरचं कापड नीट नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीतच तिचा अंत ओढवला. फ्रान्सनं २००४ मध्ये शाळांतून स्कार्फ काढला आणि २०२३ मध्ये अबायाही. एक सरकार घाल म्हणतं, दुसरं काढ म्हणतं. दोघांचा आग्रह मात्र एकच, की मुलीनं सकाळी उठायच्या आधी हा निर्णय झालेला असावा.

"मग गणवेशाचं काय?" असं विचारणारे असतील. दहावीपर्यंतच्या गणवेशाला माझा विरोध नाही. गरिबाच्या पोराला तो आधार असतो, सगळ्यांना सारखा असतो आणि शाळा सुटली की उतरतो. पण मतदान करू शकणाऱ्या मुलीला शाळकरी पोर समजून तिचं डोकं दुसऱ्यांनी झाकायचं किंवा उघडायचं, हा गणवेश नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा असेल आणि तो जास्त गंभीर आहे. जी मुलगी आज बांधते, उद्या बांधत नाही, तिचं ईमान कच्चं. याला मी आपल्याच फिकहमधून उत्तर देते. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्याकडे रमजानच्या रोज्याची नियत रात्रीच, फजरच्या आधी व्हावी लागते. पण नफल रोजा असेल तर, काही खाल्लं-प्यालं नसेल तर, सकाळी उठून, सूर्य माथ्यावरून ढळण्याआधीही नियत करता येते. माझी शेजारीण हनफी. तिच्याकडे रमजानच्या रोज्यालाही ही सवलत आहे. म्हणजे रात्री ठरवायचं की सकाळी, यावर आपल्या इमामांनी शेकडो वर्षांपूर्वी बारकाईनं विचार केला, मतभेद ठेवले आणि एकमेकांना काफिर ठरवलं नाही. स्कार्फ फर्ज आहे की नाही, हा वाद मी इथं घालत नाही. तो घालणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच म्हणते की फर्ज असो वा नफल, नियत ज्याची त्यालाच करावी लागते. माझ्या मुलीच्या रोज्याची नियत मी करू शकत नाही. मग तिच्या डोक्यावरच्या कापडाची कशी करू? भीतीनं बांधलेलं आणि भीतीनं सोडलेलं, दोन्हींत नियत कुठं आहे?

आणि हे फक्त आपलंच दुखणं आहे असं समजू नका. याच महाराष्ट्रात कुणी लुगडं किती खाली नेसायचं हे जातीनं पिढ्यान्पिढ्या आधीच ठरवून ठेवलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की तुमची जात ओळखू येईल अशी नेसण सोडा, पायघोळ नेसा. नेसण बदलणं म्हणजे सवय बदलणं एवढंच नव्हतं. आपलं आधीच ठरवलेलं उत्तर नाकारणं होतं.

आता आमच्या घरात काय चालतं ते सांगते. रात्री पाणी आलं की प्रत्येकजण आपापला कपडा धुतो. इस्त्रीला चौघांचा नंबर लागतो. मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्यानं दोन शर्टांच्या कॉलरी जाळल्या, तिसऱ्यापासून शिकला. मुलीच्या खुर्चीवर कपडे आणि स्कार्फ दोन्ही इस्त्री करून असतात, तिनं स्वतः केलेले. सकाळी निवडायला तिला दोन मिनिटं लागतात, गाडी चुकत नाही. ती काय निवडते ते मी विचारत नाही. अजून माझी नजर तिकडे जाते, हे कबूल करते. पण तोंड बंद ठेवते.

मुलांच्या अब्बांचं अजून जमलेलं नाही. त्यांनी पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या धोब्याकडे कपडे टाकले, तिसऱ्या आठवड्यात धोब्याचं बिल पाहून स्वतः इस्त्री घेतली. आता पँटची घडी अर्धा इंच इकडेतिकडे असते. "सकाळी जे हाताला येईल ते" हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

तेव्हा ग्रुपवरच्या दोन्ही तटांना माझं उत्तर हे. रात्रवाल्यांनो, हँगर लावा, सहा काय बारा लावा, पण आपलेच लावा, दुसऱ्याचे लावू नका. आणि सकाळवाल्यांनो, मूडप्रमाणे जगायचा हक्क तुम्हाला शंभर टक्के आहे. फक्त आज रात्री पाणी आलं की बादली घेऊन या, शर्ट धुवा, दोरीवर टाका, आणि मग उद्या सकाळी सांगा की आज काय घालावंसं वाटतंय.